चुन्याचे मेस्त्री: खानापुरातल्या आमच्या जुन्या विटांच्या घराची दुरुस्ती

जुन्या विटांचं घर असेल, भिंतीला ओल धरली असेल आणि "पाडा आणि स्लॅब टाका" हे ऐकून कान किटले असतील, तर या टोळीला एकदा घर दाखवाच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, नंदगड, बिडी, जांबोटी या पट्ट्यात चुन्यात काम करणारी माणसं आता फार थोडी उरलीत. यांची पाटी नाही, दुकान नाही, छापील कार्ड नाही. लोक त्यांना नुसतं "चुन्याचे मेस्त्री" म्हणतात. थोरले मेस्त्री साठीच्या पुढचे, हाताखाली त्यांचा पुतण्या, दोन गवंडी आणि माल कालवायला दोन बायका, एवढीच टोळी. मागच्या वर्षी दसरा झाल्यावर त्यांनी आमच्या घराला हात घातला आणि होळीच्या आधी काम संपवलं. त्यानंतर खानापूरचा एक अख्खा पावसाळा भिंतींवरून गेला. चुन्याच्या कामाबद्दल पाऊस झाल्याशिवाय काही बोलू नये असं माझं मत, म्हणून इतके दिवस थांबले.

आमचं घर स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. पुढं कट्टा, मग सोपा, माजघर, त्याला लागून देवखोली, मागं स्वयंपाकघर, न्हाणी आणि परसू. जोता जांभ्याचा, भिंती विटांच्या, वर मंगळुरी कौलं. मी या घरात सून म्हणून आले आणि मराठी शाळेतली नोकरी याच घरातून केली. सासूबाई म्हणायच्या, घर दीडशे वर्षांचं आहे. मामंजी म्हणायचे, रेल्वेच्या आधीचं आहे. दोघांच्याही बोलण्याला कागदाचा आधार काहीच नव्हता.

बरीच वर्षं झाली, मोठ्या दिरांनी एका ठेकेदाराकडून बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळे घर झकास दिसलं. मग आतल्या बाजूनं जोत्यापासून कमरेपर्यंत ओल चढायला लागली. रंगाचे फोड आले, त्यामागं पांढरा लोणा, म्हणजे क्षाराची पूड, आला. सकाळी केर काढताना भिंतीच्या कडेला विटेचा लाल चुरा पडलेला असायचा. ठेकेदाराला परत बोलावलं तर त्यानं वॉटरप्रूफिंगचं रसायन फासलं. ओल थांबली नाही, आणखी वर गेली. त्यात २०१९ च्या ऑगस्टचा पाऊस आला. त्या पावसानं बेळगाव जिल्ह्यात किती जुन्या भिंती बसल्या ते इथल्या माणसाला सांगायला नको. पूर्ण पडलेल्या घरांना सरकारनं ५ लाख रुपये जाहीर केले, आणि आमच्या गल्लीत पडलेल्या घरांच्या जागी काँक्रीट उभं राहिलं. आमचं पडलं नाही, पण पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. इंजिनिअर, ठेकेदार, पाहुणे, सगळ्यांचं एकच म्हणणं: आता पाडा.

मेस्त्री पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी टेप काढली नाही की आकडा सांगितला नाही. कट्ट्यावर बसून प्रश्न विचारले. पाऊस कुठल्या अंगानं मारतो? चूल आधी कुठं होती? न्हाणीचं पाणी कुठं जायचं? घर एका वेळी बांधलंय का वाढवत नेलंय? शेवटचा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मग ते घराला वळसा घालून आले, गल्लीकडच्या बाजूला वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाई, जोता पुरलाय की तुमचा." खरंच होतं. गल्लीचा रस्ता दर खेपेला जुन्यावरच नवा थर पडून वर चढत गेला, आणि माझ्या लग्नात दोन पायऱ्या चढून यायचा कट्टा आता रस्त्याला जवळपास टेकलाय. पावसाचं पाणी जोत्याच्या दगडाला न लागता थेट विटेला लागतंय. "पाणी आत शिरतंय ते शिरतंय, भाईर पडाय वाटच ठेवली नाही ह्यांनी," असं म्हणत त्यांनी सिमेंटच्या गिलाव्यावर किल्लीनं ठोकलं. पोकळ आवाज आला.

जुनी वीट मऊ, कमी आचेवर भाजलेली. ती जमिनीतली ओल ओढते आणि वारा-ऊन लागलं की सोडते. वरचा गिलावा चुन्याचा असेल तर हे येणं-जाणं चालू राहतं. त्यावर सिमेंटचा घट्ट थर बसला की ओल बाहेरून सुटत नाही, आतून वर चढते. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या तोंडाशी साचून त्यांचे खडे होतात आणि ते खडे विटेचा पापुद्रा फोडून काढतात. मी केरसुणीनं भरत होते तो लाल चुरा म्हणजे हेच. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी भिंत बघितली, पण कारण असं उभं करून कोणी दाखवलं नव्हतं. फरशीच्या आणि रंगाच्या दुकानातून मिळणारा सल्ला आणि या माणसाचा सल्ला यांतला फरक मला तिथंच कळला.

भेगेबद्दल घरात एक गोष्ट ठरलेली होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा इथंही फडताळातली भांडी वाजली, आणि ही भेग त्याच वेळची, पावसानं फक्त उघडी केली, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत. मेस्त्रींनी ते ऐकून घेतलं, मान डोलावली आणि भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या. प्रत्येकीशेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते. महिन्याभरानं खालची काच तडकलेली, वरच्या दोन्ही शाबूत. म्हणजे भिंत खालून बसत होती. परसाच्या बाजूला खणलं तर न्हाणीची जुनी मोरी फुटून पाणी थेट पायाखाली मुरत असलेलं सापडलं. भूकंपाची गोष्ट खोटी असं ते म्हणाले नाहीत, पण मोरी बदलल्याशिवाय भेगेला हात लावणार नाही हे मात्र ठासून सांगितलं. मोरी बदलली, पायाशी जांभ्याचे चिरे बसवले, नव्या काचा लावल्या, त्या तडकल्या नाहीत, आणि मग भेग शिवली. शिवली म्हणजे भेगेच्या दोन्ही अंगांच्या फुटक्या विटा एकाआड एक काढून तिथं अख्ख्या विटा सांधे मोडून, म्हणजे एकावर एक थरांतले सांधे एका रेषेत येऊ न देता, बसवल्या. वरून नुसता माल लिंपून भेग झाकणारे पुष्कळ भेटतील.

घराचा इतिहास मला कळला तो गिलावा उतरवताना. हा त्यांच्या सेवेचा भाग आहे असं ते म्हणणार नाहीत, पण मला सगळ्यात जास्त मोल त्याचंच वाटतं.

सिमेंट निघाल्यावर दिसलं की घर दोन काळांत बांधलंय. स्वयंपाकघर आणि माजघराची मागची बाजू पातळ, चपट्या विटांची, सांधे मातीचे आणि फक्त तोंडाला चुन्याच्या दर्जा, म्हणजे सांध्याच्या तोंडाशी भरलेला चुना. सोपा आणि पुढची भिंत जाड विटांची आणि सगळी चुन्यात. माजघर आणि सोपा यांच्यामधल्या भिंतीवर, माळ्याच्या वर, एक तिरकी रेघ उमटलेली होती. तिच्याखालच्या विटा धुरानं काळ्या आणि वरच्या स्वच्छ. मेस्त्रींनी बॅटरीचा झोत त्या रेघेवरून फिरवत मला दाखवलं: हे पहिल्या घराचं छप्पर. बुटकं, उभट उताराचं, नळ्याच्या देशी कौलांचं. पुढं सोपा बांधला तेव्हा भिंत वर चढवली आणि सगळ्या घरावर एक मोठं छप्पर घेतलं.

ते कधी? उत्तर कौलांत मिळालं. छप्पर परतायला कौलं उतरवली तेव्हा पुतण्यानं प्रत्येक कौल उलटं करून ठसा बघितला आणि तीन ढीग लावले. एका ढिगातल्या कौलांच्या पाठीवर रोमन अक्षरांत बासल मिशनचा ठसा. दुसऱ्यातल्यांवर कॉमनवेल्थ. तिसरा ढीग अलीकडच्या, नंतर बदललेल्या कौलांचा. बासल मिशनच्या जर्मन-स्विस पाद्र्यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं शत्रूची मालमत्ता म्हणून हे कारखाने ताब्यात घेतले आणि ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडं गेले. आमच्या सोप्याच्या आढ्याजवळची, कधी हलवलेली न दिसणारी सगळी कौलं पहिल्या ढिगातली. आणि एवढी जड कौलं घाट चढवून बैलगाडीनं आणणं आमच्यासारख्या घराला परवडण्यातलं नव्हतं, ती रेल्वेच्या वाघिणीतूनच आली असणार, असं मेस्त्रींचं म्हणणं. सदर्न मराठा रेल्वेचा फाटा लोंड्याहून खानापूरवरून बेळगावला गेला तो १८८० च्या दशकाच्या शेवटी. म्हणजे पुढचं घर रेल्वे आल्यानंतरचं आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, मागचं घर त्याहून जुनं. मामंजींचं म्हणणं अर्ध्या घरापुरतं खरं निघालं. हे त्यांना ऐकवता आलं असतं तर ते दिवसभर कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले असते.

माजघराच्या भिंतीवरचे रंगाचे थर हे दुसरं पान. पुतण्यानं पातळ पात्यानं तळहाताएवढ्या जागेत एकेक थर पायरी-पायरीनं उघडा केला. वर फिका हिरवा डिस्टेंपर, त्याखाली पिवळा, मग नीळ घातलेला चुना, मग एकावर एक पांढऱ्या चुन्याचे पातळ पापुद्रे, आणि तळाशी कावेचा लाल पट्टा. पांढरे थर इतके का, याचं एक कारण मला ठाऊक होतं. १८९७ नंतर प्लेगनं हा सगळा मुलूख पिंजून काढला तेव्हा लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला जात, मागं घरांची कौलं काढून आत ऊन पाडत आणि भिंतींना चुना मारत. सासूबाईंच्या सासूबाईंचं लहानपण अशा झोपडीत गेलं होतं, हे घरात सगळ्यांनी ऐकलेलं. ऐकणं वेगळं आणि त्या थरावर बोट ठेवणं वेगळं. तो चौकोन मी न झाकता तसाच ठेवायला सांगितला. मेस्त्रींनी त्याच्याभोवती माल इतका नेमका बसवला की कडा कुठं सुटलेली नाही.

आणि एक बुजवलेलं दार. माजघर आणि शेजारच्या खोलीमधली भिंत आम्हाला सलगच वाटायची. गिलावा निघाल्यावर त्यात उंबऱ्यापासून वरच्या लाकडी पाटापर्यंत अख्ख्या दाराची चौकट दिसली, आत भरलेल्या विटा निराळ्या, मधे खळगा असलेल्या, आणि सांधे सिमेंटचे. आपल्याकडं सिमेंट कारखान्यात सुरळीत व्हायला लागलं ते पोरबंदरला १९१४ साली, आणि आमच्यासारख्यांच्या घरात ते आलं त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. म्हणजे दार बुजवलं ते त्यानंतरच, दोन चुलत भावांच्या वाटणीच्या वेळी असणार. वाटणी झाली हे ठाऊक होतं, पण दोन्ही घरांतल्या बायका याच दारातून पिठाची परात इकडून तिकडं देत असणार, हे ते दार दिसल्यावरच डोळ्यांसमोर आलं. आता दोन्ही खोल्या पुन्हा आमच्याकडंच आहेत. दार उघडूया का, असं मेस्त्रींनी विचारलं. वरचा लाकडी पाट वाळवीनं पोखरलेला होता, तो बदलायचा तर भिंतीला धोका, म्हणून उघडलं नाही. पण तेवढ्या भागाला गिलावा केला नाही. विटा उघड्या ठेवल्या, सिमेंटचे सांधे खरवडून त्यांत चुन्याच्या दर्जा भरल्या. येणारं प्रत्येक माणूस विचारतं, हे काय? मग मी सांगते.

माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली आणि तारेत ओवलेल्या पावत्यांचा जुडगा. पोरांनी पेटी न उघडता खाली आणून माझ्या हातात दिली. हे मुद्दाम लिहिते, कारण जुन्या घराच्या कामात काय काय नाहीसं होतं याच्या गोष्टी प्रत्येक गल्लीत आहेत. पेटीत मामंजींचा मुंबई इलाख्याचा व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला होता आणि एक मोडीतलं खरेदीखत. पावत्यांपैकी काही मोडीत, काही बाळबोध. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यातले "विटा", "चुना", "गाडीभाडे" हे शब्द लावून दिले. १ नोव्हेंबर १९५६ ला हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यानंतरचे घराचे कागद कानडीत. एकाच घराचे हे तीन लिप्यांतले कागद मी आता एकाच पिशवीत घालून कपाटात ठेवलेत.

आता त्यांचा माल. कळीचा चुना बागलकोट बाजूच्या भट्टीतून मागवला. परसात खड्डा खणून, आतून विटा लावून, त्यात चुना विरवायला घातला. पाणी पडताच तो खदखदतो, वाफ उठते, चटका बसेल इतका तापतो. विरल्यावर जाड फडक्यातून गाळून तो वर पाणी ठेवून मुरवत ठेवला. कामाला घ्यायच्या आधी मेस्त्री रोज बोटावर घेऊन बघायचे. लोण्यागत लागला पाहिजे, कणी लागली तर परत खड्ड्यात. मग त्यात चाळलेली वाळू आणि सुरखी. सुरखी म्हणजे फुटक्या विटा-कौलांची दळलेली पूड. आमच्याच घरातून निघालेल्या, कामाला न येणाऱ्या विटा त्यांनी त्यासाठी वापरल्या. सुरखीमुळं चुना ओलीतही धरतो, आणि खानापूरच्या हवेत तीच गोष्ट लागते. गुळाचं पाणी आणि भिजवलेल्या हिरड्याचं पाणी मेस्त्री स्वतः घालायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. प्रमाण विचारलं तर हवेवर आहे म्हणाले, पण पुतण्याला ते मोजून शिकवताना मी बघितलंय.

विटांची निवड बघण्यासारखी होती. खानापूरची माती नावाजलेली, इथल्या वीटभट्ट्या आणि कौलं सगळ्यांना माहीत, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही इथंच आहे. पण म्हणून समोर येईल ती वीट ते घेत नाहीत. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघायच्या, खणखणीत आवाज हवा. नखानं ओरखडा उठता कामा नये. कमरेच्या उंचीवरून सोडली तर तुटू नये. रात्रभर पाण्यात ठेवून वजन करायचं, कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी प्यायली तर बाजूला. पश्चिमेच्या भिंतीसाठी मात्र त्यांनी नवी वीट घेतलीच नाही. आजची वीट जाड आणि कडक, ती जुन्या पातळ विटांच्या थरात बसत नाही आणि भार नीट वाटला जात नाही. पडलेल्या एका जुन्या घराच्या विटा मालकाशी बोलून, सांधे साफ करून त्यांनी आणवल्या.

गिलावा तीन हातांत केला. प्रत्येक हातानंतर भिंतीवर ओलं गोणपाट, आणि पुढचा हात घाई न करता. थोरले मेस्त्री पुतण्याचा थापीचा हात धरून "निधान, निधान", म्हणजे सावकाश, असं म्हणत दाबायला लावायचे. शेवटचा हात गुळगुळीत दगडानं घोटला. देवखोलीच्या भिंतीवरून हात फिरवला तर गार लागते आणि हाताला काही लागत नाही. एक दिवस दुपारी मी फक्त घोटाई बघत बसले होते. एकाच चौरस हातावर तो दगड किती वेळ फिरत होता, आणि हळूहळू त्या जागेवर खिडकीचा उजेड दिसायला लागला.

पावसाळ्यात काय झालं? पश्चिमेची भिंत बाहेरून भिजली, रंग गडद झाला, आणि उघडीप पडली की दोन-तीन दिवसांत पूर्ववत. आतून ओल कमरेपर्यंत चढायची ती आता वीतभर राहिली, तीही एका कोपऱ्यात. लोणा अजून थोडा येतो. मेस्त्रींनी आधीच सांगितलं होतं की इतक्या वर्षांचा क्षार विटेतून सुटायला दोन-तीन पावसाळे लागतील, कोरड्या ब्रशनं झाडत राहा, पाण्यानं पुसू नका. केरात लाल चुरा येत नाही. कौलं एकाही ठिकाणी गळली नाहीत. गल्लीच्या बाजूला जोत्याला लागून त्यांनी चर खणून खडी भरली आणि पाणी गटाराकडं काढलं. मला वाटतं निम्मा गुण त्या चराचाच आहे, आणि ते काम सगळ्यात स्वस्तात झालं.

तक्रारीही आहेत, त्या लिहायलाच हव्यात. लेखी अंदाजपत्रक ते देत नाहीत. रोजावर काम, माल आपण आणायचा, आणि भिंत उघडल्याशिवाय आकडा सांगणार नाही असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, मोरीचा खर्च आधी कोणालाच दिसला नसता, पण पेन्शनवर घर चालवणाऱ्याला हे जड जातं. मी दर शनिवारी हिशोब वहीत लिहून त्यांची सही घ्यायला लागले, त्यांनी आनंदानं केली. तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. दुसरं, डिसेंबरात ते अर्धं काम टाकून चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला गेले. तिकडं जुन्या घरांच्या दुरुस्तीला मजुरी जास्त मिळते, त्याला मी नावं ठेवत नाही, पण उघड्या भिंतीला प्लास्टिक बांधून आम्ही वाट बघत बसलो. आधी कल्पना द्यायला हवी होती.

तिसरं सगळ्यात गंभीर. कळीचा चुना विरवताना कोणाच्या डोळ्यांवर चष्मा नाही, हातात मोजे नाहीत. माल कालवणाऱ्या बायकांच्या हातांना चरे पडलेले. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मी बेळगावहून चष्मे आणि रबरी मोजे आणून दिले. बायकांनी वापरले, मेस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून ठेवला. काम देणाऱ्यानं हा खर्च आपला धरावा, आणि चष्मा लावल्याशिवाय खड्ड्याजवळ जाऊ देऊ नये. परसात लहान मुलं असतील तर खड्ड्याला फळ्यांचं झाकण आणि कुंपण हवंच. हेही मला सांगावं लागलं.

खर्च. आमच्या कामात चुन्याचा गिलावा सिमेंटच्या गिलाव्याच्या साधारण अडीचपट पडला. घर पाडून बांधण्याच्या मानानं मात्र एकूण खर्च फारच कमी. वायरिंग आणि नळाचं काम ते करत नाहीत, ते आधी दुसऱ्याकडून उरकून घ्या. आमच्याकडं वायरमन नंतर आला आणि घोटलेल्या भिंतीत खाच मारून गेला, ती जागा आता कायम वेगळी दिसते. चुन्यावर प्लास्टिक पेंट चालत नाही, म्हणजे बाजारातले निम्मे रंग बाद. आम्ही चुन्यातच कावेचा आणि पिवळ्या मातीचा रंग मिसळून दिला. तो हाताला थोडा लागतो, दर दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागेल. ज्यांना एकदा रंग देऊन दहा वर्षं बघायचं नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. आरसीसीच्या नव्या घराला हौसेपोटी चुना लावून घेणाऱ्यांना मेस्त्री स्वतःच नाही म्हणतात.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो गोव्याचा आणि चष्म्याचा.

त्यांना गाठायचं असेल तर जांबोटी क्रॉसजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत "चुन्याचे मेस्त्री" म्हणून विचारा, निरोप पोचतो. त्यांचा मोसम दसरा ते होळी, पावसाळ्यात चुना धरत नाही म्हणून ते कामच घेत नाहीत. चुना मुरायला लागतो तो वेळ वेगळा, त्यामुळं गणपतीच्या सुमाराला बोलणं करून खड्डा घालून ठेवला तर दिवाळीनंतर लगेच भिंतीला हात लागतो. उचल मागतात ती चुना आणि गाडीभाड्यापुरती, तेवढी द्यायला हरकत नाही. घराचे जुने कागद, फोटो, कौलांचे तुकडे असतील तर पहिल्या भेटीतच समोर ठेवा, आणि घरात कोणी वयस्कर माणूस असेल तर त्यांनाही कट्ट्यावर आणून बसवा. मेस्त्री त्यांनाच जास्त विचारतील. आमच्या देवखोलीमागची एक भिंत अजून सिमेंटचीच आहे. तिच्यासाठी यंदाचा खड्डा परसात घातलाय, झाकण लावून.